हवा किती हवी?

रविवारी पहाटे पावणेपाचला आमच्या हॉलमधून आधी ‘हुस्स-हुस्स’, मग ‘टक्’, मग ‘फुस्स’ आणि शेवटी एक लांब सुस्कारा, असे आवाज येतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा बायकोला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, “तुझ्या मिस्टरांना दम्याचा त्रास आहे का गं? आमच्या माहितीतले एक वैद्य आहेत.”

“दमा नाही हो काकू. सायकल आहे.”

“अगं बाई! त्यावर नाही गं औषध.”

हुस्स-हुस्स म्हणजे मी टायरात हवा भरतो. टक् म्हणजे पंपाचं तोंड व्हॉल्व्हवरून काढतो. फुस्स म्हणजे जरा जास्त झाली म्हणून थोडी सोडतो. आणि सुस्कारा म्हणजे जरा जास्तच सोडली गेली. मग पुन्हा हुस्स-हुस्स. हा सगळा खटाटोप दोन आकड्यांसाठी असतो. मागच्या चाकात ७२ पीएसआय, पुढच्या चाकात ६९. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा दाब. आपल्या देशाने इंच आणि पौंड दोन्ही केव्हाच सोडले. इंच आता टीव्हीत आणि पँटच्या कमरेत उरलेत, पौंड केकमध्ये. दोघांची भेट होते ती फक्त टायरात.

लहानपणी हवेला आकडा नव्हता. वडिलांची चोवीस इंची काळी सायकल होती आणि तिच्या मधल्या दांडीखालून पाय घालून मी ती शिकलो. चौकातल्या सायकलवाल्याच्या दुकानावर पत्र्याची पाटी होती, ‘हवा भरून मिळेल’. पंप साखळीने खांबाला बांधलेला, कारण गावाचा सायकलवाल्यावर विश्वास होता, सायकलवाल्याचा गावावर नव्हता. आपली आपण भरली तर फुकट, त्याने भरली तर दहा पैसे. भरून झाली की अंगठ्याने टायर दाबायचा. दबला तर कमी, नाही दबला तर झाली. संशय आला तर बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हवर ठेवायची. बुडबुडा आला म्हणजे व्हालट्यूब गेली, आणि व्हालट्यूब म्हणजे गांडुळाएवढी रबरी नळी. एवढ्या सामग्रीवर वडिलांनी तीस वर्षं नोकरी केली. ‘आज पुढच्या चाकात दीड कमी वाटतंय’ असं ते कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांना कमी वाटायचा तो पगार.

माझं तसं सुखाने चाललं असतं, पण गेल्या वर्षी रक्त तपासून घेतलं. रिपोर्टात साध्या अक्षरांपेक्षा ठळक अक्षरं जास्त होती. डॉक्टर म्हणाले, “रोज चाळीस मिनिटं चाला.” चालायला सांगितलेला माणूस घरी सायकल घेऊन का येतो, हे फक्त सायकलच्या दुकानदाराला माहीत असतं. सायकल म्हणजे तरी कसली, बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, कवळीच्या पेटीएवढं सीट आणि अंगठ्याहून थोडा जाड टायर. दुकानदार म्हणाला, “सर, हवेकडे फक्त लक्ष ठेवा. बाकी हिला काही लागत नाही.”

टायरच्या कडेला मुंगीच्या अक्षरात छापलं होतं, ‘६५ ते ११५ पीएसआय’. मी चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं, मोबाइलचा टॉर्च मारून वाचलं. औषधाच्या बाटलीवर ‘दोन ते बावन्न गोळ्या, दिवसातून एकदा’ असं लिहिलेलं आजवर माझ्या पाहण्यात नाही. पण टायरवाल्यांना तेवढी मोकळीक असावी.

पहिल्यांदा हवा भरायला पेट्रोल पंपावर गेलो. हवेच्या नळीपाशी बसलेला मुलगा वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“साहेब, याला भोकच नाही.”

“आहे रे. बारीक आहे.”

“यातून दोरा जाईल. हवा कशी जाणार?”

हा व्हॉल्व्ह फ्रेंच पद्धतीचा असतो. त्याच्या टोकाला मोहरीपेक्षा थोडा मोठा नट असतो, तो आधी सैल करावा लागतो आणि मग पंपाच्या नळीसाठी वरून एक पितळी ॲडाप्टर बसवावा लागतो. हे मला तीन दिवसांनी कळलं. त्या क्षणी मी जन्मभर फ्रेंच व्हॉल्व्ह वापरत आल्यासारखा चेहरा करून म्हणालो, “दाब जरा.” त्याने दाबलं. पिन वाकली आणि टायरात होती नव्हती तेवढी हवा दोघांच्या तोंडावर आली. “झाली,” तो म्हणाला. काय झाली, हे मी विचारलं नाही. मागे रांगेत थांबलेला रिक्षावाला म्हणाला, “काका, उचलूनच न्या की. हलकी तर आहे.”

तो पितळी ॲडाप्टर हरभऱ्याएवढा असतो. आजवर मी सहा घेतले. पाच घरातच कुठेतरी आहेत. सहावा आईला केर काढताना सापडला आणि सोन्याचा समजून तिने तो कुंकवाच्या करंड्यात ठेवला. तिथे तो अजून आहे, कारण आता तिला सांगणं माझ्या जिवावर येतं.

मग घरी उभा पंप आणला. खाली गोल तबकडी, तीवर लाल काटा, बाहेरच्या वर्तुळात पीएसआय आणि आतल्या वर्तुळात बार. एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. या बारने घरात थोडी अशांतता झाली. आमच्या रविवारच्या टोळीतल्या दंतवैद्यांचा एका संध्याकाळी फोन आला. स्पीकर चालू होता आणि ते म्हणत होते, “मी पुढे आठ बार करतो, मागे सव्वाआठ. तुम्ही पाचवरच थांबता, म्हणून तुम्हाला मजा येत नाही.” बायकोने मटार सोलायचे थांबवले. पुढची वीस मिनिटं मी तबकडी दाखवत होतो.

ही टोळी नाशिकची. त्यामुळे सायकल हे निमित्त आणि मिसळ हे गाव. हिवाळ्यात गंगापूर रोडने गिरणाऱ्याच्या बाजूला निघायचं, दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा, नाकाला झोंबणारी थंडी, आणि वाटेत कुठेतरी चुलीवरची मिसळ. याच नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. त्यामुळे इथे कोणीही सायकल घेतली की तिसऱ्या दिवशी तो स्वतःला त्या मालिकेतला पुढचा समजू लागतो. आम्हीही समजतो. फक्त आमची अमेरिका मिसळीच्या टेबलापाशी संपते.

त्या टेबलावर मी एकदा निरागसपणे विचारलं, “हवा किती भरता हो तुम्ही?” इतका घातक प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारलेला नाही. पगार विचारला असता तर लोक लाजले असते. वजन विचारलं असतं तर खोटं बोलले असते. हवेचं विचारल्यावर सगळे एकदम खरं बोलू लागले.

“१२०,” दंतवैद्य म्हणाले. “चाक दगडासारखं पाहिजे. दबलं म्हणजे तुमच्या पायातली ताकद रबरात गेली.”

“५५,” सिव्हिल इंजिनियर म्हणाले. ते रस्त्यांची कंत्राटं घेतात.

“पंचावन्न? अहो, त्याला हवा नाही, ओलसरपणा म्हणतात!”

“डॉक्टर, रस्ता काचेसारखा असता तर तुमचं बरोबर होतं,” इंजिनियर शांतपणे पाव मोडत म्हणाले. “पण हा रस्ता मीच केलाय. मला माहीत आहे.”

यापुढे कुणी काय बोलणार?

सीएसाहेब म्हणाले की ते दर रविवारी वेगळी हवा भरतात, म्हणजे सरासरी बरोबर येते. टेबलाच्या टोकाला एक निवृत्त मुख्याध्यापक होते. मुलाची जुनी जाड टायरची सायकल घेऊन ते येतात. ते म्हणाले, “माझ्यात दुकानातून आणली तेव्हा होती तेवढीच आहे.” सगळ्यांनी त्यांच्याकडे दात न घासता आलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मुख्याध्यापकांनी रस्सा मागवला.

दंतवैद्यांचा मुद्दा जुन्या जमान्यात सगळ्या जगाला मान्य होता. शर्यतवाले २३ मिलिमीटरचे दोरीसारखे टायर वापरायचे आणि त्यात १२० पर्यंत हवा कोंबायचे. गुळगुळीत पृष्ठभागावर टायर जितका टणक तितका तो कमी चेपतो, तितकी कमी ताकद वाया जाते. इथवर सगळं ठीक. पण खरा रस्ता खडबडीत असतो. टणक टायर खडीच्या प्रत्येक दाण्यावर चढतो आणि सायकल व स्वार दोघांना उचलून आपटतो. ती उचलआपट माणसाच्या मांसात जिरते आणि पायांची मेहनत पोट हलवण्यात खर्च होते. मऊ टायर तोच दाणा पोटात घालतो आणि पुढे जातो. हे उशिरा पटलं, तेव्हा व्यावसायिक स्वार २३ वरून २५, मग २८, मग ३० मिलिमीटरवर आले. १८९६ पासून चालू असलेल्या पॅरिस-रूबे शर्यतीत तर आडदांड दगडांच्या जुन्या वाटांवरून जावं लागतं. तिथे आता इतके रुंद टायर आणि इतकी कमी हवा असते की आमच्या दंतवैद्यांना ती पाहून भोवळ येईल.

पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? दंतवैद्य टेबलावर सर्वात मोठ्याने बोलले होते, म्हणून मी घरी जाऊन काटा ११० वर नेला. १२० ची हिंमत झाली नाही, आणि टायरवर ११५ लिहिलेलं होतंच.

दुसऱ्या रविवारी गंगापूर रोडवर मला रस्त्याचा इतिहास कळला. कुठे पाइप टाकला, कुठे केबल टाकली, कुठे मांडवासाठी खड्डा खणून नंतर बुजवला आणि बुजवताना उरलेलं डांबर कुठे ओतलं, हे सगळं मला बसल्या जागी समजत गेलं. पहिल्या स्पीडब्रेकरला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. दुसऱ्याला बाटली उडून गटारात गेली. तिसऱ्याला तोंडात काहीतरी खडा आल्यासारखं वाटलं. तो खडा नव्हता, दाढेतलं चांदीचं भरण होतं. सोमवारी त्याच दंतवैद्यांच्या खुर्चीत आ वासून पडलो होतो. “किती होती?” त्यांनी विचारलं. तोंडात आरसा असल्यामुळे मी बोटांनी सांगितलं. “मग अजून दहा कमीच होती,” ते म्हणाले आणि ड्रिल सुरू केलं. बिलात मात्र त्यांनी दहा टक्के सूट दिली.

मग मी पक्ष बदलला. इंजिनियरसाहेबांच्या ५५ वर आलो. दोन रविवार असे गेले की सायकल आहे की पाळणा, कळेना. मी त्र्यंबकच्या रस्त्याने डोळे अर्धवट मिटून चाललो होतो. तिसऱ्या रविवारी अंजनेरीच्या अलीकडे एक खड्डा आला. खड्डा खोल नव्हता, पण त्याला कड होती. ‘थड्’ झालं आणि मागचं चाक भाकरीसारखं बसलं.

ट्यूब बाहेर काढली तर शेजारी शेजारी दोन भोकं. हवा कमी असली की खड्ड्याची कड आणि रिम यांच्या चिमटीत ट्यूब सापडते आणि तिला दोन दात लागतात. सायकलवाले याला सर्पदंश म्हणतात. रस्त्याकडेला बसून मी ठिगळ लावत होतो तेव्हा शेजारच्या शेतातून एक आजोबा आले आणि मोठ्या आस्थेने दगडावर बसले.

“काय झालं?”

“सर्पदंश.”

आजोबा उठून उभे राहिले. त्यांना परत बसवायला पाच मिनिटं गेली.

“हवा कमी होती म्हणा ना सरळ,” ते म्हणाले. “अंगठ्याने दाबून बघायचं होतं.”

माझ्याजवळ वीतभर लांबीचा हातपंप होता. शंभर झटके मारले, घाम पुसला. आजोबांनी अंगठ्याने टायर दाबला. “झाली.” मला विश्वास वाटेना. आणखी शंभर मारले. त्यांनी पुन्हा दाबला. “आता झाली.” तिसऱ्या शंभरानंतर माझे हात थरथरत होते. त्यांनी दाबला, मान डोलावली आणि म्हणाले, “हां, आता कशी झाली!” या अरुंद टायरांची हीच गंमत आहे. ते निम्मे भरले तरी अंगठ्याला दगड लागतात. वडिलांचा अंगठा त्या जाड, काळ्या टायरापुरताच सर्वज्ञ होता, हे मला त्या दगडावर बसून कळलं आणि उगाच वाईट वाटलं.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही लोकांना कशाला विचारता? याचं गणित असतं. माहिती भरायची, आकडा येतो.” त्याने मोबाइल पुढे केला. पहिलाच रकाना होता, स्वाराचं वजन.

मी ७६ लिहिलं.

“चौऱ्याऐंशी,” स्वयंपाकघरातून आवाज आला. मिक्सर चालू होता, तरी आला.

“अगं, ते कपड्यांसकट…”

“इथे कपड्यांसकटच लिहायचंय, बाबा,” मुलगा म्हणाला. “शिवाय बूट, हेल्मेट आणि पाण्याची बाटली.”

डॉक्टरांपासून वर्षभर लपवलेला आकडा मी एका टायरसाठी जाहीर केला. पुढचा रकाना टायरच्या रुंदीचा. टायरवर २८ लिहिलेलं होतं, पण तिथे सूचना होती की लिहिलेलं चालणार नाही, मोजून टाका. मेहुणा सातपूरच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडून व्हर्नियर कॅलिपर मागवला. तो म्हणाला, “दाजी, यावर आम्ही विमानाचे भाग मोजतो.” मी म्हटलं, “मग हे त्याहून नाजूक आहे.” टायर भरला २९.६. रुंद रिमवर तो पसरतो म्हणे. म्हणजे टायर आणि मी, दोघेही लेबलाबाहेर गेलेलो होतो.

मग रस्त्याचा रकाना. पर्याय होते नवं डांबर, जुनं डांबर, खडी, फरसबंदी. आमच्या रस्त्याचा पर्याय नव्हता. आमचा रस्ता म्हणजे दोनशे मीटर नवं डांबर, मग एक खड्डा, मग बुजवलेला खड्डा म्हणजे टेंगूळ, मग पेव्हर ब्लॉक, त्यातले दोन गायब, मग कुणीतरी स्वखर्चाने बांधलेला स्पीडब्रेकर, मग पुन्हा नवं डांबर आणि त्याच्या बरोबर मधोमध रस्त्यापेक्षा चार बोटं उंच असं ड्रेनेजचं झाकण. मी इंजिनियरसाहेबांना फोन करून विचारलं, काय टाकू? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “जुनं डांबर टाका. आणि माझं नाव घेऊ नका.”

उत्तर आलं. पुढे ६९, मागे ७२.

“पुढे कमी का?” मी विचारलं.

“मागच्या चाकावर वजन जास्त पडतं,” मुलगा म्हणाला.

“ते दिसतंच आहे,” स्वयंपाकघर म्हणालं.

तर असा तो ७२. इतका खटाटोप करून मिळालेली गोष्ट माणूस सहजासहजी सोडत नाही. ती काट्यावर बरोबर आणणं हा माझा रविवारचा धर्म झाला. त्यात अडचणी फार. हा फ्रेंच व्हॉल्व्ह एकदिशा असतो. पंप जोडला की काटा काहीच दाखवत नाही. आत किती आहे हे कळायला आधी थोडी भरावी लागते. म्हणून मोजायला वेगळं डिजिटल यंत्र आणलं, तर ते लावताना आणि काढताना थोडी हवा खातं. थोडक्यात, न मोजता भरली तर किती आहे ते कळत नाही आणि मोजली तर तेवढी राहत नाही. यातून हुस्स-टक्-फुस्सचा जन्म झाला.

शिवाय नाशिकची हवा. म्हणजे दुसरी हवा. डिसेंबरात निफाडकडे पारा उतरतो तेव्हा पहाटे १० अंशांना भरलेली ७२ दुपारी ३० अंशांना जवळजवळ ७८ होते. टायरला हात न लावता! मी ऑफिसात बसून खिडकीतून ऊन पाहायचो आणि मनात सहा पीएसआय चढायचे. एप्रिलात एकदा सायकल गॅलरीत उन्हात राहिली. दुपारी दोनला, बायकोचा आणि आईचा डोळा लागला असताना, असा बार उडाला की समोरच्या इमारतीतली माणसं गॅस सिलिंडर बंद करायला धावली. टायर रिमवर नीट बसला नव्हता, उन्हाचं फक्त निमित्त झालं. आई खडबडून उठली आणि म्हणाली, “वरात आली का रे?” बायको काही म्हणाली नाही. ते जास्त गंभीर होतं.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसायची सवय लागली आणि वाचता वाचता थेट बेलफास्टला पोचलो. तिथे जॉन बॉइड डनलॉप नावाचा माणूस होता. पेशाने गुरांचा डॉक्टर. त्याच्या मुलाची तिचाकी दगडी फरशीवर फार आदळायची, म्हणून त्याने रबराची नळी करून तीत हवा भरली, चाकाला गुंडाळली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. पुढे कळलं की हीच कल्पना रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने १८४५ सालीच नोंदवून ठेवली होती, तेव्हा पेटंट हातचं गेलं. पण दरम्यान १८८९ मध्ये विली ह्यूम नावाचा स्वार बेलफास्टमध्ये ते फुगीर टायर लावून शर्यतीला उतरला. लोक आधी हसले आणि मग तो जिंकला. मला या कथेत एकच गोष्ट खुपली. त्या सगळ्यांत कुणीही कुणाला किती पीएसआय भरली होती हे विचारल्याची नोंद सापडत नाही. गुरांचा डॉक्टर होता, बैलांनी विचारलं नसणार.

असो. ७२ वर सायकल खरोखरच सुरेख चालू लागली. खड्डे होते तिथेच होते, पण दाढ शाबूत राहिली. सर्पदंश थांबला. आणि इथेच माझ्या डोक्यात, टायरात जायची ती हवा गेली. मी प्रचारक झालो. मिसळीच्या टेबलावर मी चमचा आडवा धरून टायर कसा चेपतो ते दाखवायचो, पापड मोडून रस्त्याचा खडबडीतपणा समजवायचो. “बहात्तर,” मी म्हणायचो आणि पुढे थोडं थांबायचो. “पण ते माझं झालं. तुमचा आकडा वेगळा असू शकतो.” हे म्हणताना माझ्या चेहऱ्यावर असा भाव असायचा की वेगळा आकडा असणं हे तुमचंच दुर्दैव.

परिणाम झाला. सीएसाहेबांनी ७२ भरली आणि म्हणाले, “लोणी!” इंजिनियरसाहेबांनी स्वतःच्या ५५ चा त्याग केला, एक फेरी मारली आणि म्हणाले, “रस्ता सुधारला की काय?” आणि ज्याची आशा नव्हती ते घडलं. दंतवैद्य एका रविवारी हँडलवर हात टाकून म्हणाले, “मानलं तुम्हाला. लोण्यासारखी जाते.” त्या दिवशी मिसळीचं बिल मी दिलं.

एकटे मुख्याध्यापक बदलले नाहीत. एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या टायरात हवा मोजली. ३१ निघाली. त्यांना सांगायला आत गेलो तर ते आमच्याआधी पोचून दुसरी प्लेट संपवत होते.

गेल्या महिन्यात पंप हवा धरेना. कितीही मारला तरी काटा चाळिशीच्या वर जाईना. चौकात मोटारसायकलचं पंक्चर काढणारे मामा बसतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी दांडा ओढून पाहिला. “वायसर वाळलाय साहेब. तेल पाजता का कधी?” कातडी वायसरला तेल लागतं हे मला नव्हतं माहीत. डनलॉपचं पेटंट कोणत्या साली गेलं हे विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मामांनी नवा वायसर घातला, पंप स्टुलावर उभा केला आणि तबकडीकडे बघत राहिले.

“साहेब, काटा बारावर आहे.”

“मग?”

“पंप कशालाच जोडलेला नाही.”

मी पाहिलं. नळी स्टुलावरून मोकळी लोंबत होती. आणि लाल काटा १२ वर निवांत बसला होता, जसा तो, आता आठवलं तर, पहिल्या दिवसापासून बसायचा. मला तो शून्याच्या जवळपास आहे असंच वाटत आलं होतं. तबकडीवर शून्य आणि १२ यांच्यात करंगळीच्या नखाएवढंही अंतर नाही. आणि डिजिटल यंत्राचं म्हणाल, तर ते पंपापेक्षा बारा कमी दाखवायचं म्हणून मीच ते खराब ठरवून कपाटात टाकलं होतं.

मामांच्या स्टुलाशेजारी उभा राहून मी सगळं वर्ष पुन्हा मोजलं. माझी ७२ म्हणजे ६०. टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्याही खाली. अंजनेरीला मला जी डसली ती ५५ नव्हती, ४३ होती. इंजिनियरसाहेबांच्या आकड्याला मी आठ महिने उगाच शिव्या घातल्या. दाढेतलं भरण पडलं ते ९८ वर, म्हणजे दंतवैद्य जे ‘अजून दहा कमीच होती’ म्हणाले ते त्यांच्याही कल्पनेपेक्षा खरं होतं. आणि सीएसाहेब ७२ वर ज्याला लोणी म्हणत होते, त्यालाच मी ६० वर लोणी म्हणत होतो.

त्या रविवारी टेबलावर सगळं खरं सांगून टाकलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दंतवैद्य पापडाचा तुकडा रश्श्यात बुडवत म्हणाले, “मी काही बदललीच नव्हती हो. १२० च आहे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणालो.”

मामांनी वायसरचे वीस रुपये घेतले. काट्याचं काही घेतलं नाही.

वाचकहो, तुमच्याकडे पंप असेल तर एक करा. तो कशालाही न जोडता जमिनीवर उभा ठेवा आणि काटा कुठे आहे ते चष्मा लावून बघा. जो काही आकडा निघेल तो निघो. मला मात्र कळवू नका.